गाण्याची लांबी : एक हिशेब

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच्या सात अध्यायांत स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्ये आणि नर्तन यांचे विवेचन आहेच, शिवाय गाणाऱ्याच्या आवाजाचे गुण कोणते आणि दोष कोणते हेही त्यात बारकाईने नोंदवले आहे. परंतु गाणे किती वेळात आटोपावे आणि त्याचे पैसे कोणत्या मापाने मोजावेत, याविषयी हा ग्रंथ अवाक्षर काढत नाही. शार्ङ्गदेव हा राजा सिंघण याच्या दरबारात श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख, होता हे ध्यानात घेतले तर ही उणीव अधिकच नवलाची वाटते, कारण गाणे आणि जमाखर्च या दोन्ही विषयांत अधिकारवाणीने बोलणारा माणूस नंतरच्या सातशे वर्षांत संगीताच्या वाट्याला क्वचितच आला. याचा खुलासा बहुधा असा असावा की त्या काळी गाण्याचे पैसे देणारा राजा एकटाच असे. तो खूश झाला की हातातले कडे काढून देई, कंटाळला की झोपी जाई, आणि यांपैकी कशासाठीही घड्याळ लागत नसे. गेल्या सव्वाशे वर्षांत मात्र पैसे देणारे वारंवार बदलले आणि प्रत्येक जण आपले स्वतंत्र माप घेऊन आला. हल्लीच्या श्रोत्यांना धीर उरलेला नाही म्हणून गाणी आखूड झाली, असे जे सर्रास म्हटले जाते, त्यात श्रोत्यांवर अन्याय आहे. गाणे किती लांब असावे हे श्रोता ठरवत नाही आणि रागही ठरवत नाही. ते पैसे मोजणाऱ्याच्या मापावर ठरते.

भारतात हे मोजमाप 1902 साली सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग त्या वर्षी कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान या विख्यात गायिकेचा आवाज तबकडीवर उतरवला. मिनिटाला साधारण 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, त्यामुळे मैफलीत तासभर रंगणारी चीज, तिची स्थायी, अंतरा, बोल आणि ताना एवढ्या मुदतीत उरकून शेवटी गायिकेला आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगावे लागे. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाची चिठ्ठी लावायची, हे तेथील कारागिरांना कळण्याचा तोच खात्रीचा मार्ग होता. गाण्याबरोबर त्याच्या कर्त्यांची जी माहिती पाठवली जाते तिला आज मेटाडेटा म्हणतात. ही व्यवस्था आता इतकी प्रगत झाली आहे की मराठी चित्रपटगीताखाली गीतकाराचा रकाना अनेकदा कोरा असतो आणि पडद्यावर नुसते ओठ हलवणाऱ्या नायकाचे नाव कलाकार म्हणून झळकते. गौहर जान यांची पद्धत पाहता तिच्यात एवढी चूक होण्यास वावच नव्हता.

तबकडीच्या त्या सुरुवातीच्या दशकांत महाराष्ट्रात अगदी उलट व्यवस्था नांदत होती. बालगंधर्वांच्या संगीत नाटकांचे प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, आणि त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे वन्समोअर. पद आवडले की प्रेक्षक ते पुन्हा म्हणायला लावीत, पुन्हा आवडले की पुन्हा, आणि कथानकातील पात्रे तोवर रंगमंचावर आपापल्या दुःखासह तिष्ठत उभी राहत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रथेचे वैशिष्ट्य असे की तिकिटाचे पैसे एकदाच घेतले जात, म्हणून पद एकदा झाले काय किंवा पाच वेळा झाले काय, नाटकमंडळीच्या गल्ल्यात त्याने एका पैशाचीही भर पडत नसे. पुनरावृत्तीचे बटण पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या हातात आणि त्याबद्दलची आकारणी शून्य, असा हा व्यवहार होता. तीच पदे पुढे तबकडीवर आली तेव्हा साडेतीन मिनिटांची झाली, आणि ज्यांना नाटक पाहण्याचा योग आला नाही त्यांनी मूळ पदच तेवढे असते असे निःशंक मनाने गृहीत धरले.

साडेतीन मिनिटांच्या या सक्तीने अभिजात संगीताचे नुकसान झाले असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो तितकासा टिकणारा नाही. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे त्यांच्या मैफलीत कधीही न बसलेल्या असंख्य घरांत पोचले ते याच तबकड्यांमुळे. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांच्या बाबतीत तर या मर्यादेचा लाभ पृथ्वीबाहेर गेला. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात पाठवली, तेव्हा मानवजातीचा परिचय म्हणून त्यांच्यासोबत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी देण्यात आली, आणि तिच्यात जगभरच्या संगीताबरोबर केसरबाईंच्या भैरवीची साडेतीन मिनिटे समाविष्ट झाली. त्या तासभर गायल्या असत्या तर निवड समितीला बेथोव्हेनला तरी उतरवावे लागले असते, नाहीतर केसरबाईंना. व्हॉयेजर-1 आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले आहे आणि दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोचायला त्याला सुमारे 40,000 वर्षे लागतील. या तबकडीबरोबर सुई पाठवलेली आहे, ती वाजवण्याच्या सचित्र सूचना आहेत, मध्येच येणारी जाहिरात नाही आणि गाणे ओलांडून पुढे जाण्याचे बटणही नाही. मैफलीतील शिस्तीविषयी कडक असलेल्या या गायिकेला यापेक्षा योग्य श्रोतृवर्ग मिळाला नसता. प्रश्न उरतो तो मानधनाचा हिशेब कोणत्या पत्त्यावर मागायचा एवढाच.

रेडिओ आल्यावर पैसे देणारे सरकार झाले, आणि सरकारचे माप सदभिरुचीचे होते. 1952 पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि त्यांची जागा शास्त्रीय संगीताने घ्यावी अशी योजना झाली. श्रोत्यांनी मंत्रिमहोदयांशी वाद न घालता काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले, जेथे 1952 पासून अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत होते. अखेर 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. आजच्या ॲपमध्ये अल्गोरिदम असतो, म्हणजे श्रोत्याने आधी काय ऐकले यावरून पुढे काय वाजवावे हे ठरवणारी गणिती रीत. केसकरांचा अल्गोरिदम नेमका उलटा होता, आणि श्रोत्याने जे आवडीने ऐकले असेल तेच तो पुढे वाजवत नसे. तरीही सरकारी पैशाला मिनिटांची घाई नसते, याचा सर्वांत मोठा फायदा मराठीला याच काळात झाला. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर, आठवड्याला एक या गतीने, त्यातील 56 गीते प्रसृत झाली. तबकडीत मावण्याचे बंधन नसल्यामुळे कडव्यांवर कात्री चालली नाही. श्रोत्याला मात्र आठवडाभर थांबावे लागे, आणि वनवासाचा भाग दुःखद वाटला म्हणून थेट रावणवधावर उडी मारण्याची सोय त्याला नव्हती.

एल्‌पी तबकडीचा उल्लेख करून पुढे जाणे योग्य ठरेल, कारण तिच्या एका बाजूवर वीसहून अधिक मिनिटे मिळाल्यामुळे ख्यालाला पुन्हा हातपाय पसरता आले खरे, पण तिची किंमत अशी होती की ती ऐकण्यापेक्षा दिवाणखान्यात उभी करून ठेवण्याकडे मालकांचा कल असे. खरी उलथापालथ केली ती कॅसेटने. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील गुलशन कुमार यांनी 1980 च्या दशकात स्वस्त कॅसेटींचा धडाका लावला. त्यांना 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील एक तरतूद उपयोगी पडली, जिच्या आधारे काही अटी पाळून जुने गाणे दुसऱ्या गळ्यातून पुन्हा मुद्रित करता येत असे. अशा गाण्याला व्यवसायात ‘व्हर्जन’ म्हणत, आणि मूळ गायक कोण हे न विचारणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या देशात किती मोठी आहे, हे त्यामुळे प्रथमच उघड झाले. कॅसेटचे माप म्हणजे दोन बाजू, बहुतेकदा अर्ध्या अर्ध्या तासाच्या. त्या भरून काढणे भागच असल्याने गिऱ्हाईक ज्या दोन गाण्यांसाठी पैसे देई त्यांच्याबरोबर आणखी सहा गाणी त्याच्या गळ्यात पडत. पण याच रिकाम्या जागेमुळे बड्या कंपन्यांनी ज्यांना दाराशी उभे केले नसते अशांचीही सोय झाली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते एसटी स्थानकांवरच्या टपऱ्यांतून गावोगाव गेली, पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन तबकडीच्या साडेतीन मिनिटांत कधीच मावले नसते ते घरोघर पोचले, आणि गणेशोत्सव मंडळांना दिवसभर कर्ण्यावर लावण्यासाठी संपताक्षणी उलटवता येणारे संगीत सापडले. या शेवटच्या सोयीबद्दल शेजाऱ्यांचे मत वेगळे असू शकते.

यानंतर गाणे अंकांत रूपांतरित झाले. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एमपी-थ्री पद्धतीमागे असा सिद्धान्त आहे की मोठा आवाज चालू असताना त्याच्याखाली दबलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला जाणवत नाही, म्हणून तो गाळून टाकला तर गाण्याची फाइल सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते आणि ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला या सिद्धान्तात नवीन काहीच नव्हते. गोव्याहून आलेल्या शेकडो वादकांनी तिथल्या वाद्यवृंदांत आयुष्ये घालवली, पण दबलेला आवाज कानाला जाणवत नाही या न्यायाने त्यांची नावे तबकडीवर कधी आली नाहीत. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव देशभर झाले तेही 1977 सालच्या एका चित्रपटातील गाण्यामुळे, संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेल्या मानवंदनेतून, आणि ते ऐकणाऱ्यांची समजूत हे अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभ बच्चन यांचेच नाव असल्याची झाली. पुढे सूर स्वतःच निर्माण करणारा सिंथेसायझर आणि वाद्याचा मुद्रित सूर साठवून हवा तेव्हा वाजवणारा सॅम्पलर ही यंत्रे आली आणि वाद्यवृंद बसवण्याचा खर्चही वाचला. इतका की अजय-अतुल यांना 2016 मध्ये ‘सैराट’साठी, म्हणजे करमाळ्याकडच्या एका प्रेमकथेसाठी, माणसांनी वाजवलेला मोठा सिंफनी वाद्यवृंद हवा झाला तेव्हा ते मुद्रण थेट हॉलिवूडमध्ये करण्यात आले.

एमपी-थ्रीमुळे गाणे मिनिटांऐवजी एमबीत मोजले जाऊ लागले, पदपथावर एका सीडीत दीडशे गाणी विकली जाऊ लागली, आणि 1999 साली अमेरिकेत नॅपस्टर या फाइलवाटपाच्या सेवेने किंमत शून्यावर आणून ठेवली. संगीत कंपन्यांच्या हातात मापच उरले नाही. भारतात ते त्यांना पुन्हा मिळाले ते टेलिफोनवर, आणि तेही अशा रूपात की अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे.

कॉलर ट्यून हा तो प्रकार. एखाद्याला फोन लावला की घंटीऐवजी जे गाणे ऐकू येते त्याचे मासिक भाडे फोन घेणारा भरतो. याचा अर्थ असा की गाणे विकत घेणाऱ्याला ते कधीही ऐकू येत नाही, ऐकणाऱ्याने ते निवडलेले नसते, आणि फोन उचलला की ते ऐन सुरावटीत तुटते. ज्याला फोन तत्परतेने उचलण्याची सवय असेल त्याच्या हातून संगीताची सेवा कमी घडते आणि घेणेकऱ्यांना टाळणाऱ्याच्या हातून ती सर्वाधिक घडते. उत्पन्नाचा मोठा वाटा दूरसंचार कंपनीकडे राही, उरलेला संगीत कंपनीकडे जाई, आणि गाणाऱ्याचा क्रम त्यानंतर लागे. तरीही या अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या तुकड्यांनी 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय संगीत व्यवसायाला मोठा आधार दिला. पुढे अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी असे बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घातले, आणि हा धंदा झपाट्याने ओसरला. आपण दरमहा पैसे भरून संगीताला आश्रय देत आहोत याची अनेक रसिकांना तोवर कल्पनाच नव्हती, असा त्यातून निष्कर्ष निघतो. या माध्यमाची सर्वदूर पोचलेली रचना मात्र गाणे नव्हतीच. मार्च 2020 मध्ये देशातील बहुतेक प्रत्येक फोन लावणाऱ्याला, त्याची इच्छा असो वा नसो, प्रथम एक खोकला ऐकावा लागला आणि मग करोनाविषयीच्या सूचना.

सध्या पैसे देणारी व्यवस्था स्ट्रीमिंगची आहे. यात गाणे विकत घ्यायचे नसते. ते इंटरनेटवरून वाहत येते, ऐकले जाते आणि निघून जाते. स्पॉटिफायसारख्या सेवा वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे एकत्र करतात, सुमारे तीन दशांश स्वतःकडे ठेवतात आणि उरलेली रक्कम कोणाचे गाणे किती वेळा वाजले त्या प्रमाणात हक्कदारांना वाटतात. येथे ‘वाजले’ याची व्याख्या कळीची आहे: 30 सेकंद ऐकले की गाणे एकदा वाजले, आणि त्यापुढे ते कितीही वेळ चालले तरी एकदाच वाजले. म्हणजे एखाद्या बुजुर्ग गायकाने तासभर मांडलेला दरबारी जितके मिळवतो तितकेच 31 सेकंदांचा एक तुकडा मिळवतो, आणि त्या तासाभरात असे 116 तुकडे वाजू शकतात. हे गणित शास्त्रीय संगीताच्या चाहत्यांना पटत नाही, पण पडताळून पाहिल्यास ते बरोबरच येते.

व्याख्या एकदा जाहीर झाली की तिच्या कडेवर माणसे येऊन बसतात, हा नियम येथेही लागू पडला. 2014 साली वल्फपेक या अमेरिकी वाद्यवृंदाने अर्ध्या मिनिटाहून किंचित मोठ्या अशा दहा रचनांचा एक अल्बम प्रसिद्ध केला. या दहाही रचनांत पूर्ण शांतता होती, आणि चाहत्यांनी तो रात्री झोपताना लावून ठेवावा अशी विनंती होती. स्पॉटिफायने तो काढून टाकेपर्यंत त्यातून सुमारे 20,000 डॉलर जमले आणि त्या पैशातून फुकट प्रवेशाच्या मैफली झाल्या. पुढे पावसाचे, पंख्याचे आणि समुद्राचे आवाज अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत कापून चढवणारे इतके वाढले की 2024 पासून कंपनीने अशा आवाजांना पैसे मिळण्यासाठी किमान दोन मिनिटांची अट घातली. वर्षातून 1,000 वेळाही न वाजणाऱ्या गाण्यांचा मोबदला त्याच सुमारास बंद झाला, तेव्हा नवोदित गायकाचे गाणे आणि पाऊस यांची तुलना करता पाऊस अधिक सुस्थितीत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो फुकट आणि अखंड ऐकणाऱ्या कोकणवासीयांनी या उत्पन्नावर अजून हक्क सांगितलेला नाही.

गाण्याचे तोंडही याच मापाने बदलले. पहिल्या अर्ध्या मिनिटात श्रोता निसटला तर पैसे निसटतात, म्हणून मुखड्याआधीचा म्युझिक पीस प्रथम छाटला गेला. अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या एका अभ्यासात 1986 साली वीसहून अधिक सेकंद चालणारी ही सुरुवात 2015 पर्यंत पाच सेकंदांवर आल्याचे आढळले. त्यानंतर आलेल्या रीलने, म्हणजे फोनवर उभ्या चौकटीत दिसणाऱ्या काही सेकंदांच्या चित्रफितीने, मुखडाही पुरा ठेवला नाही. गाण्यातील ज्या ओळीवर हात हलवता येतात तिला हूक म्हणतात, आणि आता ती आधी रचून उरलेले गाणे तिच्याभोवती बांधण्याची पद्धत रूढ होत आहे. संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे मराठी गाणे 2024 मध्ये याच वाटेने देशभर गेले, आणि मराठी न कळणाऱ्यांनी साड्या नेसून त्यावर नाच केला. मराठीचा एवढा प्रसार करणारा दुसरा उपक्रम सरकारदरबारी झाला असल्यास तो प्रकाशात आलेला नाही.

तंत्रज्ञानाने सर्व काही आखूड केले, असा समज येथवर झाला असल्यास तो दुरुस्त केला पाहिजे. यूट्यूबवर चित्रफीत आठ मिनिटांहून मोठी असली की तिच्या मध्यभागी जाहिरात घालता येते. 2020 पूर्वी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. परिणामी ज्या काळात गाणे दोन मिनिटांवर आले त्याच काळात कांदेपोहे आठ मिनिटांच्या वर गेले. आरंभी नमस्कार, मग चॅनल सबस्क्राइब करून घंटी दाबण्याची विनंती, मग पोह्यांचे बालपणातील स्थान, मग कांदा कसा चिरावा याविषयी विवेचन आणि सातव्या मिनिटाच्या सुमारास कढईखाली गॅस, असा हा विलंबित ख्याल आहे. बडा ख्याल ज्यांना नामशेष झालासा वाटतो त्यांनी या शाखेकडे लक्ष द्यावे. बातम्यांच्या वाहिन्यांनीही ही शैली आत्मसात केली असून, धरणाचे दरवाजे उघडले की नाही हे सांगण्यापूर्वी त्या धरणाचा आलाप पुरेसा करतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता गाण्याला गळाही लागत नाही. अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल विनापरवाना वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये मनाई केली, ती गळा अजून कोणाच्या तरी मालकीचा आहे या समजुतीवर. पण कडेलोट घडला तो अमेरिकेत. सप्टेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी एका माणसावर असे आरोपपत्र ठेवले की त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लक्षावधी गाणी तयार करवून घेतली, ती निरनिराळ्या सेवांवर चढवली, आणि बॉट म्हणजे माणसाचे सोंग घेणाऱ्या संगणकीय आज्ञावल्यांकडून ती अहोरात्र ऐकवून एक कोटी डॉलरहून अधिक मानधन मिळवले. गाणारे यंत्र आणि ऐकणारेही यंत्रच. मधल्या माणसाकडे काम उरले ते केवळ जमाखर्चाचे, आणि ते त्याने चोख ठेवले होते. आरोपपत्रात त्याचा 2017 सालचा हिशेब उद्धृत केलेला आहे: 1,040 बनावट खाती, प्रत्येक खात्यावर दिवसाला 636 गाणी, म्हणजे दररोज 6,61,440 वेळा श्रवण. दिवसाची 1,440 मिनिटे या आकड्यांत वाटली तर प्रत्येक गाण्याच्या वाट्याला सुमारे सव्वादोन मिनिटे येतात. या श्रोत्यांनी एकही गाणे अर्ध्यावर सोडले नाही, जेवणासाठी उठले नाहीत, आणि पूर्वीच्या गाण्यांची सर या गाण्यांना नाही असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचीही नोंद नाही.